नदींतला मासा व नकाशांतला मासा

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. नदीच्या डोहांत राहणाऱ्या मुक्या प्राण्यालाहि इतिहास असतो, आणि तो चुकीचा लिहिला गेला तर त्याची शिक्षा त्या प्राण्यालाच भोगावी लागते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. अलीकडे जीवशास्त्रज्ञ संगणकाच्या साह्यानें असे नकाशे तयार करूं लागले आहेत कीं, एखादी नष्ट होत चाललेली जात कोणकोणत्या नद्यांत आढळण्याचा संभव आहे हें त्यांवरून सांगतां यावें. या नकाशामागील गणितास प्रसार-प्रतिमान म्हणतां येईल. व्यवहारांत त्यास मॉडेल हाच शब्द रूढ झाला आहे. या विद्येचा उगम कोठें, तिची रीत काय, आणि तिच्या शब्दावर कितपत विसंबावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. त्यासाठीं मुख्य उदाहरण घेतलें आहे तें आपल्या मुळामुठेचें आणि तिच्यापासून शेंकडों मैल दूर वाहणाऱ्या कावेरीचें. या दोन नद्यांचा संबंध कसा जडला तें पुढें कळून येईल.

दख्खनच्या माशांचा पहिला पद्धतशीर लेखक म्हणजे कर्नल विल्यम हेन्री सायक्स. पेशवाई बुडाल्यावर सहा वर्षांनीं, १८२४ सालीं, मुंबई सरकारनें या लष्करी अधिकाऱ्यास दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमलें. गांवोगांवची लोकवस्ती, शेतीचें उत्पन्न, हवापाणी हें सारें टिपून घेणें हा त्याचा सरकारी व्यवसाय. पण माणूस चौकस असल्यामुळें पशु, पक्षी आणि मासे यांच्याहि नोंदी त्यानें ठेवल्या. माशांवरील त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेनें १८३९ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत चाळीसाहून अधिक जातींचें वर्णन असून त्यांपैकीं बहुतेक शास्त्राला नवीन होत्या.

या निबंधांतील एक गोष्ट मराठी वाचकास विशेष कौतुकाची वाटेल. नव्या जातींना लॅटिन नांवें देतांना सायक्सनें कित्येक ठिकाणीं भोई-कोळ्यांच्या तोंडचे शब्दच उचलले. खुद्री, मुसुल्ला, कोलूस, नुक्ता, सांडखोल, शिंगाळा हे शब्द त्याच्या कानाला जसे ऐकूं आले तसे लॅटिन नांवांत जाऊन बसले, आणि आज जगांतील कोणत्याहि देशाचा मत्स्यशास्त्रज्ञ ते उच्चारतो. नाकाडावर गांठीसारखा उंचवटा असलेला नुक्ता कृष्णेच्या खोऱ्याबाहेर कोठेंहि आढळत नाहीं. त्याची गणना आतां धोक्यांत असलेल्या जातींत होते. ज्या कोळ्यांनीं सायक्सला हे मासे धरून दिले आणि त्यांचीं नांवें सांगितलीं, त्यांचें स्वतःचें नांव मात्र कोणत्याहि ग्रंथांत नाहीं.

सायक्सनें नांवाबरोबर ठिकाणहि लिहिलें. खुद्री म्हणजे आपला महाशीर, तो त्याला पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेंत मिळाला. मुसुल्ला मिळाला शिरूरजवळ घोडनदींत. वरवर पाहतां ही किरकोळ नोंद. परंतु आजचा प्रतिमानकार सर्वांत प्रथम मागतो ती हीच वस्तु: अमुक जात, अमुक ठिकाणीं, अमुक सालीं. त्याच्या भाषेंत असें प्रत्येक ठिकाण म्हणजे एक बिंदु. असे बिंदु गोळा करण्याचें काम आपल्या देशांत दोनशें वर्षें चाललेलें आहे. सायक्सच्या आधीं हॅमिल्टननें १८२२ सालीं गंगेच्या माशांवर ग्रंथ लिहिला होता. त्याच्यामागून फ्रान्सिस डे यानें १८७५ ते १८७८ या काळांत साऱ्या हिंदुस्थानच्या माशांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९१६ सालीं कलकत्त्यास भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था निघाली, आणि तेथें सुंदरलाल होरा यांनीं आपलें आयुष्य माशांच्या अभ्यासांत वेंचलें. पूर्व हिमालयांतील आणि सह्याद्रींतील डोंगरी ओढ्यांत राहणाऱ्या माशांत इतकें साम्य कां, हा होरांचा आवडता प्रश्न. विंध्य-सातपुड्याच्या रांगेनें हे मासे एके काळीं दक्षिणेंत उतरले असावेत, असें उत्तर त्यांनीं दिलें. तें उत्तर आज सर्वमान्य राहिलेलें नाहीं. परंतु अमुक जीव अमुक ठिकाणींच कां, हा प्रश्न विचारण्याची संवय त्यांनीं लावली.

या प्रश्नाचें मूळ अधिक जुनें आहे. जर्मन प्रवासी हुंबोल्ट हा १८०२ सालीं दक्षिण अमेरिकेंतील चिंबोराझो पर्वतावर चढला, तेव्हां चढाबरोबर वनस्पति कशा बदलत जातात हें त्यानें पाहिलें आणि १८०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत तें एका चित्रांत मांडलें. पुढें १९१७ सालीं कॅलिफोर्नियांतील ग्रिनेल या प्राणिशास्त्रज्ञानें एका पक्ष्याच्या उदाहरणावरून दाखविलें कीं, प्रत्येक जातीस हवा, निवारा आणि अन्न यांचा एक ठराविक मेळ लागतो. तो जेथें जमतो तेथेंच ती राहते. या कल्पनेस गणिती रूप दिलें तें हचिन्सन यानें, १९५७ सालीं. हा गृहस्थ मूळचा तळ्यांचा अभ्यासक; १९३२ सालीं लडाखमधील तलावांची पाहणी करण्यास तो आपल्या देशांत येऊन गेला होता. त्याचें म्हणणें असें: तापमान ही एक बाजू धरा, पाण्याचा वेग ही दुसरी, विरघळलेला प्राणवायु ही तिसरी, अशा जितक्या गोष्टी जगण्यास अवश्य असतील तितक्या बाजूंचें एक अवकाश कल्पा. त्यांत ज्या मर्यादेच्या आंत ती जात टिकून राहूं शकते, ती मर्यादा म्हणजे त्या जातीचें खरें घर. आपण भूमीवर जें पाहतों तें या घराची पडलेली सावली होय.

प्रतिमानाचें काम या सावलीवरून घर ओळखणें आणि त्या घरावरून आणखी कोठें सावली पडूं शकेल तें सांगणें, एवढेंच आहे. १९८४ च्या सुमारास ऑस्ट्रेलियांत निघालेली पहिली रीत अगदीं साधी होती. जेथें जेथें प्राणी सांपडला तेथील तापमान व पाऊस यांचे किमान आणि कमाल आंकडे घ्यावयाचे आणि त्या चौकटींत बसणारा सगळा मुलूख रंगवावयाचा. २००६ सालीं फिलिप्स, अँडरसन व शापायर यांनीं जी रीत प्रसिद्ध केली ती आज सर्वांत अधिक वापरली जाते. तिचें तत्त्व जेन्स या पदार्थविज्ञानवेत्त्यानें १९५७ सालीं मांडलें होतें, आणि तें एखाद्या विवेकी न्यायाधीशाच्या वृत्तीसारखें आहे. साक्षीदारांनीं जितकें सांगितलें तितकें मान्य करावयाचें; त्यापलीकडे पदरचें कांहीं घालावयाचें नाहीं; आणि जेथें साक्ष नाहीं तेथें संभव शक्य तितका सारखा वांटावयाचा. त्याच सालीं सहा प्रदेशांतील २२६ जातींवर सोळा निरनिराळ्या रीति ताडून पाहण्यांत आल्या, तेव्हां या नव्या रीति जुन्या चौकटीपेक्षां बऱ्याच सरस ठरल्या. परीक्षेची पद्धतहि समजण्याजोगी आहे: कांहीं बिंदु मुद्दाम बाजूला ठेवून उरलेल्यांवर नकाशा काढावयाचा, आणि बाजूला ठेवलेले बिंदु त्या नकाशानें बरोबर ओळखले कीं नाहीं तें पाहावयाचें.

गोड्या पाण्याच्या जीवांच्या बाबतींत मात्र ही विद्या अधिक अवघड होते. जमिनीवरील पक्षी चारी दिशांनीं उडूं शकतो. माशाला एकच वाट, आणि ती नदीची. दोन ओढे डोंगराच्या माथ्यावर एकमेकांपासून हांकेच्या अंतरावर उगम पावतात. एक कोंकणांत उतरून अरबी समुद्रास मिळतो, दुसरा घाटावरून वाहत जाऊन कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरास. दोहोंचें हवामान एक, पाऊस एक. पण एकांतील मासा दुसऱ्यांत जाऊं शकत नाहीं. हवामानाचे आंकडे चौकोनांत भरलेले असतात, नदी रेषेसारखी धांवते. शिवाय एका ठिकाणचें पाणी कसें असेल हें त्या ठिकाणच्या पावसावर ठरत नाहीं. वरच्या अंगाचें रान, शेती, गांवें आणि कारखाने हीं सारीं त्यांत उतरलेलीं असतात. २००० सालीं अंतराळयानांतून रडारनें पृथ्वीच्या उंचसखलपणाची मोजणी झाली आणि तिच्या आधारें २००८ सालीं जगांतील नद्यांचें जाळें काढण्यांत आलें, तेव्हां कोठें या कामास भक्कम पाया लाभला.

नीट काळजी घेतली तर या विद्येचें फळ किती चांगलें येतें, याचा दाखला अमेरिकेंतील बुल ट्राउट या माशाचा आहे. हा थंड पाण्याचा मासा तेथें १९९९ सालापासून कायद्यानें संकटग्रस्त मानला गेला आहे. वायव्य भागांतील संशोधकांनीं हवेच्या तापमानावर विसंबून न राहतां हजारों ठिकाणीं प्रत्यक्ष प्रवाहाच्या पाण्याचें तापमान मोजून गोळा केलें. ऑगस्ट महिन्यांत ज्या ओढ्यांचें सरासरी तापमान ११ अंशांच्या खालीं राहतें, तेच या माशाच्या पिलांचे आश्रय, असें त्यांनीं ठरविलें; आणि हवा तापत गेली तरी पुढील काळांत यांपैकीं कोणते ओढे थंड राहतील याचा नकाशा २०१५ सालीं प्रसिद्ध केला. यापुढची पायरी अधिक महत्त्वाची. नकाशानें दाखविलेल्या ओढ्यांवर माणसें गेलीं, त्यांनीं पाणी गाळून घेतलें आणि माशाच्या अंगावरून पाण्यांत सुटलेल्या सूक्ष्म आनुवंशिक द्रव्याचा त्यांत तपास केला. मासा दिसो वा न दिसो, तो असल्याची खूण पाणी सांगतें. नकाशा म्हणजे निकालपत्र नसून शोधास कोठें जावें याची चिठ्ठी आहे, हें तेथें पुरतें ओळखलें गेलें.

आतां दुसरी बाजू. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं महाराष्ट्राला एक धडा दिला कीं, मूळ कागद तपासल्यावांचून इतिहास लिहूं नये. बनावट महजर, चुकीची तारीख, एका घराण्याच्या नांवावर खपलेला दुसऱ्याचा पराक्रम, यांनीं किती बखरी नासल्या आहेत हें आपण जाणतों. प्रतिमानाचा मूळ कागद म्हणजे बिंदु. पूल असेल, सडक असेल, जवळ महाविद्यालय असेल तेथें नमुने पुष्कळ गोळा होतात. दुर्गम खोऱ्यांत कोणी जात नाहीं. मग संगणक भाबडेपणानें समजतो कीं माशालाच सडकेची आवड आहे! तसेंच, सायक्सनें १८३० पूर्वीं पाहिलेली मुळामुठा ही खडकवासल्याच्या धरणापूर्वींची नदी. आजच्या तापमानाचे व पाण्याचे आंकडे तिच्या गळ्यांत बांधले तर त्या माशाला कधींहि न सोसलेलें पाणी त्याचें घर म्हणून नोंदलें जाईल. उलट १९८० सालीं पूर्ण झालेल्या उजनी धरणामागें जेथें आज विस्तीर्ण जलाशय पसरला आहे तेथें पूर्वीं भीमा वाहत होती, हें न जाणणारा वाहत्या पाण्याच्या माशाचा बिंदु तळ्यांत टाकून मोकळा होईल.

परंतु ठिकाण आणि काळ यांपेक्षां घातक चूक नांवाची. तिचाच परिणाम कावेरीच्या महाशीरास भोगावा लागला.

कावेरी आणि तिच्या उपनद्या यांत पाठीवर उंच कुबड असलेला एक प्रचंड महाशीर राहतो. गळ टाकणाऱ्या साहेबलोकांत त्याची कीर्ति फार मोठी. १९४६ सालीं म्हैसूर संस्थानांतील काबिनी नदींत व्हॅन इंगेन या शिकाऱ्यानें १२० पौंडांचा महाशीर धरला, तो उच्चांक प्रसिद्ध आहे. इतका मोठा आणि इतका गाजलेला प्राणी, पण शास्त्रांत त्याला स्वतःचें नांव नव्हतें. होरांच्या लेखनापासून सायक्सचें मुसुल्ला हें नांव या कुबड्या महाशीरास लावण्यांत येऊं लागलें. सायक्सनें पाहिलेल्या मुसुल्ल्याचा मूळ नमुना उपलब्ध नसल्यामुळें ही जोडणी तपासून पाहणें सोपें नव्हतें. २०१३ नंतर संशोधकांनीं सायक्सचें वर्णन पुन्हां बारकाईनें वाचलें, तेव्हां असें दिसून आलें कीं, घोडनदीचा मुसुल्ला हा महाशीरच नव्हे. तो निराळ्याच प्रजातींतील मासा आहे. म्हणजे घोडनदीवरील बिंदु व कावेरीवरील बिंदु एकाच जातीचे समजून जो कोणी नकाशा काढील, त्याचा नकाशा दोन प्राण्यांच्या संकरांतून निघालेल्या एका काल्पनिक तिसऱ्या प्राण्याचा होईल!

नांवाचा हा घोळ चालूं असतांना नदींत काय घडत होतें? १९७० च्या सुमारास लोणावळ्यास, टाटांच्या वीज कंपनीच्या जलाशयाकांठीं, महाशीराची पैदास करण्याचें काम सुरू झालें. हेतु अत्यंत चांगला. महाशीर सर्वत्र कमी होत चालला होता आणि त्याचीं पिलें कृत्रिम रीतीनें वाढवून नद्यांत सोडावयाचीं होतीं. वाढविला जात होता तो मुख्यतः सायक्सचा खुद्री, निळसर पंखांचा आपला दख्खनी महाशीर. त्याचीं पिलें दूरदूरच्या नद्यांत गेलीं, तशीं कावेरींतहि सोडण्यांत आलीं. महाशीर म्हणजे महाशीर, अशीच तेव्हां समजूत. पुढें १९९८ ते २०१२ या काळांत गळ टाकणाऱ्यांनीं ठेवलेल्या नोंदी संशोधकांनीं तपासल्या, तेव्हां खुद्री वाढत गेला आणि कुबड्या महाशीर झपाट्यानें घटत गेला, असें आढळून आलें. धरणें, वाळूउपसा, सुरुंग व विष यांनीं होणारी मासेमारी यांचाहि यांत मोठा वांटा आहे; सारा दोष परक्या माशावर टाकणें न्यायाचें होणार नाहीं. पण एका माशास वांचविण्याच्या खटपटींत दुसऱ्याच्या घरांत पाहुणा शिरला, हें मात्र खरें.

अखेर २०१८ सालीं हा गुंता सुटला. कावेरीची उपनदी मोयार हींत मिळालेले ताजे नमुने, शरीराचीं मोजमापें आणि आनुवंशिक पुरावा यांवरून ठरलें कीं, केरळांतील पांबार नदींतील लहान नमुन्यांवरून पूर्वीं वर्णिलेला रेमादेवी महाशीर आणि कावेरीचा कुबड्या महाशीर हे एकच. हें नांव एका भारतीय मत्स्यशास्त्रज्ञ विदुषीच्या गौरवार्थ दिलेलें आहे. नांव ठरतांच त्याच सालीं आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघानें या जातीस अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलें. याच फेरतपासणींत आपला खुद्री मात्र कमी चिंतेच्या वर्गांत गेला. अधिकृत नांवाअभावीं या प्राण्यास इतकीं वर्षें संरक्षणाच्या यादींत योग्य जागा मिळूं शकली नव्हती. दरबारांत ज्याचें नांव दप्तरीं नाहीं त्याची फिर्याद कोण ऐकणार?

येथें कोणी म्हणेल कीं, ही चूक गणिताची नव्हे, माणसांची. तें खरें आहे. परंतु गणिताचा दोष असा कीं, चुकीच्या साक्षीवरूनहि तें तितकाच सुबक, तितकाच रंगीत नकाशा काढून देतें. जुन्या बखरीची भाषा कधींकधीं तरी आपल्याला सावध करते. नकाशाचे रंग सावध करीत नाहींत. आणि सरकारी कचेरींत पोंचल्यावर त्या रंगांवरूनच कोठलें पाणी राखावयाचें आणि कोठें धरण बांधावयाचें हें ठरूं लागलें, तर ज्या खोऱ्यांत कोणी पाहावयास गेलें नाहीं तें खोरें निर्जीव समजलें जाण्याचा धोका आहे. २०११ सालीं पश्चिम घाटांतील गोड्या पाण्याच्या ११४६ जातींची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांत शेंकडा सुमारें सोळा जाती नष्ट होण्याच्या भयांत असल्याचें नमूद आहे. अशा वेळीं नकाशे नकोत असें म्हणणें हा शहाणपणा नव्हे. सगळ्या ओढ्यांवर माणूस पाठविण्याइतका पैसाहि नाहीं आणि वेळहि नाहीं. कोठें आधीं जावें हें कोणीतरी सांगितलेंच पाहिजे.

शिवाय कांहीं कारणें अशीं असतात कीं तीं कोणत्याहि आंकड्यांत सांपडत नाहींत. महाड तालुक्यांत काळ नदीवर वाळणकोंड नांवाचा डोह आहे. तेथील महाशीर वरदायिनी देवीचे मानले जातात. त्यांना कोणी धरीत नाहीं, उलट भाविक त्यांना खाऊ घालतात. त्या डोहाच्या खालींवर तसेच खडक, तसेंच पाणी आणि तसाच पाऊस असतांना मासे याच डोहांत निर्धास्त कां, हें संगणकाला कधींहि उमगणार नाहीं, कारण देवीचा कौल त्याच्या आंकड्यांच्या तक्त्यांत नाहीं. पिढ्यान्पिढ्या पाळलेला एक निर्बंध हेंच तेथील कारण आहे, आणि तें जाणण्यास गांवांतल्या म्हाताऱ्या माणसाशीं बोलावें लागतें.

तात्पर्य, माशाच्या नकाशाचें काम हें निम्मे इतिहासाचें काम आहे. नांव खरें कशावरून, ठिकाण कोणी पाहिलें, नदी त्या वेळीं कशी होती, हे प्रश्न जो विचारील त्याच्याच हातांत संगणक उपयोगी पडेल. हें काम केवळ मोठ्या संस्थांचें आहे असेंहि नव्हे. आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी जवळच्या ओढ्यांत वर्षानुवर्षें काय सांपडतें तें तारीख, ठिकाण आणि छायाचित्र यांसह टिपून ठेवतील, कोळी-भोयांना त्या माशाचें नांव विचारून तेंहि लिहितील, आणि सांगणाऱ्याचें नांव गाळणार नाहींत, तर सायक्सनंतर दोनशें वर्षांनीं त्याच्या नोंदींत राहिलेली उणीव थोडीफार भरून निघेल. कुबड्या महाशीरास नांव मिळालें तेव्हां नदींत तो अजून होता, म्हणून त्या नांवाचा उपयोग तरी झाला. प्रत्येक जातीच्या बाबतींत इतका अवकाश मिळेलच असें नाहीं.